वावटळ्याचं पडणं

मोठ्या बाईंना हसू यायचं ते फक्त दुसऱ्याच्या मूर्खपणाचं, आणि जगात त्याचा काही तुटवडा नसल्यामुळे बाई तशा बऱ्यापैकी हसतमुख होत्या. सगळी हयात शाळेत गेली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. निवृत्त झाल्या तरी 'मोठ्या बाई' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दूधवाला, वॉचमन, खुद्द जावई, सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणायचे. निदान जावई तोंडावर तरी तसं म्हणायचा, पाठीमागे काय म्हणायचा ते त्याचं त्याला ठाऊक.

बाईंचा ठेवणीतला शेरा एकच होता. "डोळे आहेत की बटणं?" पोरांनी फळ्यावरचं गणित चुकवून उतरवलं, भाजीवाल्यानं किडका टोमॅटो पिशवीत टाकला, शिंप्यानं बाही आखूड केली, की हा शेरा ठरलेला. ऐकणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तरी बाईंना त्याचं सुतक नव्हतं.

अशा बाईंना लहान मुलांच्या एका टीव्ही वाहिनीनं परीक्षणाला बोलावलं. कुठलंही कार्टून दाखवण्याआधी ते मुलांच्या लायकीचं आहे की नाही हे बघायचं काम. घरी येऊन बाईंनी लेकीला फोनवर सांगितलं, "अखेर कुणाला तरी अक्कल आली."

परीक्षणाची खोली म्हणजे एक बिनखिडकीचा कोंदट डबा. मधोमध खचलेला सोफा, समोर पडदा, आणि एसी असा की बाई भर उन्हाळ्यात शाल घेऊन जायच्या. सोफ्यापुढच्या टेबलावर एक घंटी असायची, हॉटेलात माणसाला बोलवायला ठेवतात तसली. काही वावगं दिसलं की घंटी वाजवायची, एडिटरनं तिथे खूण करायची, आणि खूण केलेलं सगळं कापून टाकायचं. वाद नाही, चर्चा नाही. ही घंटी पहिल्या दिवशी बाईंच्या हाताशी आली आणि नंतर ती तिथून हलवायची कुणाची छाती झाली नाही.

सोबतीला एक मुलांच्या मनाचे डॉक्टर होते. मुलांच्या मनापेक्षा मोबाइलच्या मनाची त्यांना जास्त काळजी असावी, कारण त्यातून त्यांची मान क्वचितच वर यायची. आणि तो एडिटर! टक्कल पडलेला, बिस्किटं खाऊन खाऊन फुगलेला गृहस्थ. कापा म्हटलं की कापायचं, त्याच्या बापाचं काय जातंय? कापून झालं की "जोड कुठे दिसला तर सांगा" म्हणायचा, आणि खरंच, जोड कधी दिसायचा नाही. तेवढी एक कला देवानं त्याला दिली होती.

मुलांसाठीच्या त्या खोलीत एकाही मुलानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. एकदा डॉक्टरांच्याच डोक्यात आलं, "बाई, दोनचार मुलांना बसवून बघू या का? त्यांना काय कळतं ते तरी समजेल."

"तुम्ही रोग्याला विचारून औषध देता का हो?" बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मान पुन्हा मोबाइलमध्ये घातली.

बाई घंटी वाजवायच्या त्या नातीसाठी, हे मात्र खरं. त्यात ढोंग नव्हतं. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर, त्यामुळे टिंगी शाळेतून सुटली की आजीकडे यायची. पहिलीत होती, पुढचे दोन दात पडलेले, तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि अंगात आजीचाच खट्याळ हट्ट. या एका पोरीपुढे बाईंचा सगळा तोरा विरघळायचा. तिच्या डोळ्यांसमोर काही वाईट येऊ नये, तिच्या केसालाही धक्का लागू नये, एवढ्यासाठी बाईंनी सगळ्या जगावर घंटी वाजवली असती.

लेक म्हणायची, "आई, तिला टीव्हीपुढे बसवत जाऊ नकोस."

"माझ्या हाताखालून गेलेलंच बघते ती," बाई म्हणायच्या. "त्यात वाईट राहील कसं?"

आणि मग आला वावटळ्या. एक शाळकरी पोरगा, कमरेला पट्टा बांधतो, गरागरा फिरतो आणि उडतो. उडून काय करतो, तर दुष्टांना बडवतो. बाईंनी पहिल्याच भागाला नाक मुरडलं. "हे काय ध्यान! चड्डी पँटवरून घालतो, गळ्याला फडकं बांधतो, आणि म्हणे जगाला वाचवतो. आधी याला कुणीतरी कपडे घालायला शिकवा!" घंटी खणाखणा वाजायची. ठोसा दिसला, टण्. कुणी कुणाला गाढव म्हणालं, टण्. उडण्याला मात्र बाई काही करू शकत नव्हत्या. उडणं हा त्या कार्ट्याचा धंदाच, ते कापलं तर उरलं काय? पडद्यावर नुसता पट्टा!

एका भागात वावटळ्याला शिंगं फुटली. पट्टा घरी विसरला, मित्रांनी आठवण करून दिली तरी "मला काय गरज आहे?" म्हणाला आणि पाण्याच्या टाकीवरून उडी मारली. अर्थातच पडला. पाय मोडला, किंचाळला, आई ऊर बडवत धावली. मग दवाखाना, प्लास्टर, खाटेवरून रडवेलं तोंड करून खिडकीतून दुसऱ्यांचा खेळ बघणं. शेवटी बरा झाला आणि घरच्यांबरोबर हसत जेवायला बसला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शी! लहान मुलांना हे दाखवायचं?" पडताना टण्. किंकाळीला टण्. रडणाऱ्या आईला तर दोनदा टण्. शाळेतल्या नाटकातसुद्धा बाईंनी कधी कुणाला रडू दिलं नव्हतं, त्या इथे बरं रडू देतील! प्लास्टरही गेलं, खाटही गेली. डॉक्टरांनी मान वर करून "बरोबर आहे, मुलं धसका घेतात" एवढं म्हटलं आणि मान खाली घातली. एडिटरनं टाकीवरच्या उडीला जेवणाचं ताट जोडलं. जोड अजिबात दिसत नव्हता. बाई खूश होऊन घरी गेल्या.

तो भाग लागला तेव्हा टिंगी मांडी घालून बघत होती आणि बाई शेजारी शेंगा सोलत होत्या. वावटळ्यानं उडी मारली आणि लगेच जेवायला बसला. टिंगी टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, पट्टा नव्हता तरी उडाला!"

"हं," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष शेंगांत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डिंगमागे सायकलींच्या शेडजवळ एकच गलका झाला. बाई अनवाणी धावल्या. गळ्याला उशीचा अभ्रा बांधलेली टिंगी शेडच्या पत्र्यावरून खाली पडली होती, आणि तिचा एक पाय भलतीकडेच वळला होता. पोरगी किंचाळत होती. नेमकी तशीच किंकाळी बाईंनी आधी ऐकली होती आणि घंटी वाजवून घालवली होती. पण आत्ता त्यांना ते कुठे सुचतंय! त्यांनी पोरीला उचललं आणि रिक्षात घातलं, रस्ताभर "माझं बाळ गं, माझं बाळ" एवढंच चाललं होतं. आयुष्यात कुणाला एक अश्रू गाळू न देणाऱ्या बाई रिक्षावाल्यासमोर ढसाढसा रडत होत्या.

पाय जुळेल, वेळ लागेल, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात प्लास्टर झालं. मग सुरू झाला सगळ्यांचा शहाणपणा. शेजारीण येऊन म्हणाली, "या कार्टूनांनी पोरं बिघडवली." मुलांच्या मनाच्या डॉक्टरांचा फोन आला, "बाई, तुम्ही पहिल्यापासून म्हणतच होता, वावटळ्या वाईट." जावई तर खाटेच्या पायथ्याशी उभं राहून हातवारे करत होता, "असली कार्टून काढणाऱ्यांना भर चौकात फटकावलं पाहिजे!"

बाई स्टुलावर बसून होत्या. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नव्हतं. दाखवणार कोण? काय कापलं ते फक्त त्या खोलीला ठाऊक. डॉक्टर विसरले होते, एडिटरला बिस्किटांपलीकडे काही आठवत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, की बाई पूर्वीपेक्षा मोठ्या. लेकीनंही हळूच म्हटलं, "तू कापूनसुद्धा एवढं वाईट राहतंच गं त्यात. तू तरी काय करणार?"

बाईंना ती माया चाबकासारखी लागली.

टिंगी मात्र छताकडे बघत कसलातरी विचार करत होती. तिचं आपलं वेगळंच चाललेलं. "आजी," ती म्हणाली, "वावटळ्याला कसं लागलं नाही? मी तर तशीच उडी मारली."

"अगं, ते खोटं असतं," जावई म्हणाला.

"त्याला लागलं होतं," बाई म्हणाल्या. "पाय मोडला होता त्याचा. तुझ्यासारखाच. रडला होता, आईपण रडली होती."

"खोटं! मी बघितला ना तो भाग. पडलाच नाही तो."

"पडला होता. ते कापलं."

टिंगीनं मान वळवली. "कुणी?"

लेक आईकडे बघत राहिली, जावयाचा उचललेला हात तसाच हवेत राहिला. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मी," बाई म्हणाल्या. "तू घाबरशील म्हणून."

टिंगीनं आजीकडे बघितलं, मग आपल्या पायाच्या त्या पांढऱ्या ओंडक्याकडे, मग पुन्हा आजीकडे. पडलेल्या दातांच्या फटीतून शब्द अगदी ठसक्यात बाहेर आले.

"आजी, डोळे आहेत की बटणं?"

"टिंगे!" लेक ओरडली. "आजीशी असं बोलतात?"

"बोलू दे तिला," बाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं आणि प्लास्टरवर हात ठेवला. "बटणंच गं बाई माझी. आता ऐक, काय काय झालं होतं ते." आणि वावटळ्या टाकीवरून कसा पडला, कसा किंचाळला, त्याची आई कशी ऊर बडवत धावली, हे सगळं बाई नातीला पहिल्यापासून सांगू लागल्या.