नुसती कॉलर

माझी काकू गावातली शिलाईवाली. तिच्या हातचे कपडे घालून आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो. पुढे तयार कपडे स्वस्त झाले आणि तिच्याकडे चेन बदलणं नि पँट आखूड करणं तेवढं उरलं. मुलगा शहरात. "आई, तिथे एकटी काय करतेस? इकडे ये," असा त्याचा सारखा धोशा. काकूला घर सोडायचं नव्हतं. गावात काम मिळालं असतं तर विषयच संपला असता.

आणि गावातच शर्टांचा कारखाना आला! जमीन घेताना साहेब म्हणाले होते, आधी तुमची माणसं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तसं आमचं झालं.

भरतीच्या परीक्षेला मीही काकूबरोबर गेले होते. सुपरवायझरने तिच्यापुढे अर्धवट शिवलेले शर्ट टाकले. "कॉलर लावा," म्हणाला. कारखान्यात एक बाई दिवसभर एकच टीप मारते, हे हिला कोण सांगणार? तिने कॉलर लावली, बाह्या जोडल्या, बाजू शिवल्या, खालची पट्टी दुमडली. हातातलं काम अर्धं टाकून उठणं तिच्या रक्तातच नाही. शेजारच्या बाईपुढे तोवर कॉलर लावलेल्या शर्टांची चळत लागली.

"मावशी, नापास. एका कॉलरीला एवढा वेळ?"

"अहो, अख्खा शर्ट शिवलाय!"

"तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

काकू वरमली. "आता कळलं. पुन्हा बसवा, नुसत्या कॉलरी लावते."

"राहू द्या. मशीनवर आम्ही बाहेरचेच घेतो. गावातल्यांच्या घरी रोज काहीतरी निघतं, मग दांड्या. झाडायला येता का?"

माझं टाळकंच सरकलं. "मग परीक्षेचं नाटक कशाला केलंत?" मी ओरडले. त्याने काकूच्या हातचा तो शर्ट नीट घडी करून विक्रीच्या खोक्यात ठेवला. शर्ट पास होता.

अजूनही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. रोज सकाळी बस भरून माणसं बाहेरून येतात आणि आमच्या बायका त्यांच्यासाठी फरशी पुसतात. वर आम्हीच म्हणे उपकार मानायचे!

काकूने शेवटी घराला कुलूप लावलं आणि ती मुलाकडे गेली. तिथे याच मालकाचा दुसरा कारखाना आहे. त्यांनी तिला लगेच मशीनवर घेतलं. दिवसभर नुसत्या कॉलरी लावते.

तिथे ती बाहेरची ना!