प्रॉम्प्टरचा पासवर्ड

दिवाळीच्या सुट्टीत मी वडशाला घरी गेले, ती बाबांचा कॉम्प्युटर सुधारायचं ठरवूनच. त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण मी चंद्रपूरला मुलींना कॉम्प्युटर शिकवते, आणि शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं जुनं यंत्र सुखानं चाललेलं बघवत नाही.

बाबा आमच्याकडच्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर आहेत. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. दिवाळीनंतर सीझन सुरू होतो, नट एका वेळी दोन-तीन नाटकं करतात, म्हणजे अडणं आलंच. बाबा आपली प्रत स्वतः टाइप करतात आणि ज्या नटाची जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्याआधी एक टिंब ठेवतात. नाटकाची संहिता कंपनीत कुणाकडेही मिळेल. टिंबं फक्त बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

तर मी बाबांकडून मशीन उघडून घेतलं आणि जुन्यावरच नवी सिस्टीम चढवली; फाइली, पासवर्ड सगळं तसंच राहिलं. हौसेनं मराठी कीबोर्डही जोडला, वर तोच पहिला येईल असं करून ठेवलं. मशीन बंद केलं आणि स्वतःवर खूश होऊन चकल्या खायला बसले.

सकाळी आंघोळ करून बाबा कॉम्प्युटरपुढे बसले. पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. पुन्हा चूक.

"बाबा, नीट आठवा बरं."

"तोच त टाकला बेटा. रोज टाकतो तोच."

"मग चूक कसा दाखवेल? विसरलात तुम्ही."

मी हे किती सहज म्हटलं, ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. त्या वर्षी बाबांनी एकदा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता, आणि आत्याला एकच गोष्ट दोनदा विचारली होती. तेवढ्यावरून आई आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजायला लागलो होतो. पासवर्ड चुकला तेव्हा मला नवल वाटलं नाही. उलट, झालं सुरू, असं वाटलं.

मग मी मागेच लागले. वहीत लिहिला होता का? आईचं नाव होतं का? गावाचं? बाबा दर वेळी मान हलवायचे. पहिल्या दिवशी ते "तोच टाकला" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी "असन बापा, विसरलो असन" म्हणाले आणि कॉम्प्युटरवर टॉवेल झाकून ठेवला. मी आपली डाळ वाढत समजुतीच्या गोष्टी सांगत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते अंगणात कंपनीच्या मालकाशी फोनवर बोलत होते. मी दारात कपडे वाळत घालत होते. "यंदा दुसरा कोणी पाहा, भाऊ. मले आता याद राहत नाई. विंगेतला माणूसच विसरला, त नटानं कुठी पाहाचं?"

ओला टॉवेल हातातच राहिला. माझ्या बाबांनी आपलं स्टूल सोडलं होतं, आणि ते मी सोडायला लावलं होतं.

मी आत गेले, मशीन सुरू केलं आणि त्यांना हाक मारली. "एकदाच टाका. माझ्यासाठी."

नको-नको म्हणत ते खुर्चीवर बसले. या वेळी मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, त्यांच्या हातांकडे पाहिलं. बाबा टाइपरायटरवर शिकलेले, दहाही बोटांनी टाइप करतात. बोटं सरसर गेली, कुठेही थबकली नाहीत. वर्गात विसरणाऱ्या मुली मी रोज बघते. विसरलेलं बोट अधांतरी थांबतं, इकडेतिकडे शोधतं. ही बोटं विसरलेल्या माणसाची नव्हती.

पासवर्डच्या चौकटीत कडेला डोळ्याचं चित्र असतं, दाबलं की टाइप केलेलं दिसतं. बाबांचं गुपित म्हणून मी ते तीन दिवस दाबलं नव्हतं. आता विचारून दाबलं. आत मराठी अक्षरांचा काला झाला होता. बाबांचा पासवर्ड जुना, इंग्रजी अक्षरांतला. मी हौसेनं जोडलेला मराठी कीबोर्ड दारातच येऊन बसला होता. बाबा दर वेळी बरोबर कळा दाबत होते आणि यंत्र दर वेळी भलतंच लिहीत होतं.

मी कीबोर्ड बदलला, "आता टाका" म्हटलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उघडल्याचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही काहीच विसरला नव्हता. घोळ मी घातला होता."

बाबांनी आधी संहिता उघडली, टिंबं आहेत का ते बघत खालपर्यंत गेले. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "नट अडला ना, त त्याले विसरलास असं म्हणाचं नाई. मंग तो पुढचंबी विसरते. फक्त पुढचा शब्द द्याचा. हळूच."

ते मला रागावत नव्हते. आपल्या कामाची गोष्ट सांगत होते. मला मात्र रडू आवरेना.

थोड्या वेळानं मीच मालकाला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून "बोला भाऊ" आलं, आणि बाबा अडले. सोडलेली जागा परत कशी मागायची, ते त्यांना सुचेना. माझ्याकडे बघत राहिले.

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "माह्यं स्टूल..."

"माह्यं स्टूल ठेवजा, भाऊ," बाबा म्हणाले. "मी येऊन राह्यलो."