गिरणी बंद ठेवा, गुरुजींचं काम चालू आहे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हा घोळ सांगताना मला आजही घाम फुटतो.

मी डोळखांबच्या बाजूला एका शाळेत चौथीचा मास्तर. शाळेला कुणीतरी एक जुना लॅपटॉप दिला, सोबत प्रिंटर. पण दोघांचं जमेना. सोमवारी चाचणी परीक्षा, प्रश्नपत्रिका टाइप करून तयार आणि कागदावर मात्र काही उतरेना. मोठ्या बाई म्हणाल्या, "शहापूरच्या दुकानात नेऊ या." आणि मी, ज्याला रिमोटचे सेल बदलताना धडधडतं, तो मी म्हणालो, "कशाला बाई? एक सॉफ्टवेअर तर टाकायचंय. रविवारी घरी नेऊन टाकतो!"

कुठून सुचली ही अवदसा? देव जाणे.

माझा मावसभाऊ नितीन कल्याणला कॉम्प्युटरचं काम करतो. रविवारी सकाळी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "या लॅपटॉपात काळी खिडकी उघडायची आणि एक ओळ टाइप करायची. ओळ व्हॉट्सअॅपवर पाठवलीय, जशीच्या तशी मार. आणि ऐक, एकदा सुरू झालं की मधे तोडू नको. लाइट गेली तर सगळं अर्धवट लटकेल."

आणि इथेच तर खरी गोम होती. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती. लाइट गेली की खेळ खलास.

ओळ मारली. पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, पण खिडकीत काही उमटेचना! अक्षर नाही, टिंब नाही. झालं, मोडला! शाळेचा एकुलता एक लॅपटॉप माझ्या हातून मोडला! पुन्हा नितीनला फोन.

"अरे दादा, तसंच असतं ते. दिसत नसलं तरी आत काम चालू असतं. उगाच बटणं दाबत बसू नको. आणि आता मी ड्युटीवर चाललो, तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो."

दिसत नसलं तरी आत काम चालू असतं. हे वाक्य मी मनात कोरून ठेवलं.

पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, आणि इंग्रजीचा लोंढाच आला. तीस-चाळीस ओळी धडाधड. मग सगळं थांबलं. शेवटच्या ओळीपुढे एक चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला. म्हटलं, चला, आत काम सुरू झालं!

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. ठिपका आपला लुकलुकतोय. तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब मंद झाला.

गिरणी!

आमच्या घरामागेच हरीदादाची पिठाची गिरणी. तिची मोटर सुरू झाली की आळीतले सगळे दिवे मलूल होतात, कधी कधी लाइटच उडते. मी अनवाणी धावलो.

"हरीदादा, बंद कर! शाळेचा लॅपटॉप जाईल!"

"किती टाइम लागल गुरुजी?"

"दहा मिनिटं फक्त."

हरीदादा भला माणूस, त्याने खटका पाडला. पण दहाची वीस झाली, विसाचा तास झाला. दळणाचे डबे गिरणीपुढे रांगेत आणि डब्यांची माणसं, हरीदादासकट, माझ्या पडवीत! लॅपटॉपभोवती कोंडाळं करून सगळे त्या ठिपक्याकडे बघतायत. बायकोने फ्रीजची वायर काढली. पंखा बंद. एकजण खोकला तर मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा उठून अंगणात गेला.

"माझ्या भाच्याचा मोबाइल असाच मेला व्हता," कुणीतरी म्हणालं. काही गरज होती का सांगायची?

सगळ्यांत पुढे बसल्या होत्या मंगलवहिनी. त्यांच्या थोरल्या लेकीची त्याच संध्याकाळी हळद, आणि भाकऱ्यांचे तांदूळ अजून डब्यात.

"गुरुजी, आजून नाय झाला?"

"आत काम चालू आहे वहिनी. मोठं सॉफ्टवेअर आहे."

"भाकऱ्या कवा थापायच्या ओ? सगला गाव येनार जेवाया."

दोन तास झाले. मी पार घामाघूम. गिरणी चालू करू द्यावी तर लॅपटॉप जातो, नाही करू द्यावी तर पोरीच्या हळदीला भाकरी नाही. वहिनींनी पदराने डोळे टिपले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याच्यावं लिवलंय काय ते तरी वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "आमाला पन कलू दे."

मी चष्मा सारखा केला आणि गुरुजींच्या थाटात शेवटच्या ओळींचा अर्थ सांगू लागलो. "तो म्हणतोय, सॉफ्टवेअरला एवढी एवढी जागा लागेल. पुढे चालू करू का? हो की नाही?"

वहिनींनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"म्हंजी तो तुमाला इचारतोय?"

"...हो."

"कवापास्नं?"

"साडेआठपासून."

"मंग तेला हां बोला ना!"

मी 'हो'साठी 'वाय'चं बटण दाबलं, मग एंटर. ओळी पुन्हा धावल्या. हरीदादा चप्पल घालून अंगणाच्या कडेला पोचायच्या आत काम खलास! सकाळपासून आत काडीचंही काम चाललेलं नव्हतं. बिचारा लॅपटॉप माझ्या उत्तराची वाट बघत बसला होता आणि मी त्याची.

गिरणी धडधडली. भाकऱ्या वेळेत झाल्या, चांगल्या मऊसूत. संध्याकाळी मी हळदीला शेवटच्या पंगतीत कोपरा धरून बसलो, तर वहिनी टोपली घेऊन बरोब्बर माझ्यापुढे उभ्या.

"गुरुजी, भाकरी वाढू का? हां का नाय?"

"वाढा, वाढा!" मी एवढ्या घाईने ओरडलो की हळदीतली पोरं नाचायची थांबली.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. सोमवारी प्रिंटर झकास चालला. मी रुबाबात प्रश्नपत्रिका वाटल्या आणि अख्खा वर्ग खाली मान घालून खुदुखुदु हसायला लागला. सगळ्यांचे आईबाप आदल्या दिवशी माझ्या पडवीत होते, हे खरं. पण चाचणीच्या कागदात हसण्यासारखं काय?

मी कागद हातात घेतला. अगदी वर, ठळक अक्षरांत, मीच टाइप केलेली सूचना होती: प्रश्न नीट वाचा. वेळ वाया घालवू नका. एकही प्रश्न उत्तर न देता सोडू नका.