नाव म्हणजे होडी

माझी लेक हल्ली मराठी बोलायला शिकायचं म्हणते. इतकी वर्षं मी घसा फोडला तेव्हा "मम्मा, समझ तो आता है ना!" म्हणून उडवून लावायची. आता नववीत गेल्यावर बाईसाहेबांना सुचलंय. आणि खूश व्हायचं सोडून मी घाबरलेय. का, ते सांगते.

माझे बाबा साताऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. आई गेल्यावर मी त्यांना इकडे चंदीगडला घेऊन आले. नवऱ्याची बदलीची नोकरी, सरकारी क्वार्टर, मागे एवढंसं फरशीचं अंगण. बाबांचं हिंदी बातम्या समजण्यापुरतं. पार्कातले सरदारजी "सत श्री अकाल, अंकलजी" म्हणायचे आणि बाबा "बरं आहे, बरं आहे" म्हणत पुढे सटकायचे. मला धास्ती, की हा माणूस इथे न बोलूनच खंगणार.

कसलं काय! एका रविवारी माझा कपडे भिजवायचा टब घेऊन अंगणात बसले. लेक तेव्हा दुसरीत. जवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून खुणा करकरून त्यांनी तांब्याची बारीक नळी पैदा केली होती. तिचे पेन्सिलीभोवती दोन-तीन वेढे दिले, दोन्ही टोकं थर्माकोलच्या तुकड्यातून खाली पाण्यात सोडली आणि वेढ्यांखाली मेणबत्तीचा तुकडा ठेवला. नळीत ड्रॉपरने पाणी भरलं, मग काडी लावली. जरा वेळ काहीच नाही. मग नळीतल्या पाण्याची वाफ झाली, ती पाण्याला मागे ढकलू लागली आणि फुट् फुट् करत होडी निघाली. आमची कार्टी अशी किंचाळली की शेजारच्या पंजाबी भाभी भिंतीवरून डोकावल्या.

पुढच्या रविवारपासून सगळ्या क्वार्टर्सची पोरं आमच्या अंगणात. फुगे, स्ट्रॉ, झाकणं, सायकलच्या तारा, घराचा नुसता उकिरडा. "बाबा, हे घर आहे की भंगाराचं गोदाम?" मी ओरडायचे. "लहानपणी माझा रेडिओ कोणी खोलला होता गं?" म्हणून ते मलाच गप्प करायचे. पोरांना त्यांचं मराठी कळायचं नाही, पण हात कळायचे. एकच वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं: "आधी पाणी, मग आग." नळी कोरडी असताना मेणबत्ती लावली की ती नुसती तापते आणि थर्माकोल वितळतो. एखादं पोर घाई करायला लागलं की बाबा त्याचं मनगट धरायचे आणि ड्रॉपरकडे बोट दाखवायचे.

नातीशी भांडण मात्र वेगळंच. ती म्हणायची, "आजोबा, मेरी नाव देखो!"

"नाव नाही गं, होडी. नाव तुझं असतं, होडी पाण्यात असते."

"नहीं, नाव!"

पुस्तकातल्या मराठीत होडीला नाव म्हणतातही, पण आमच्याकडे बोलताना कोण म्हणतं? शेवटी हेडमास्तरांनाही न जुमानलेले बाबा नातीला शरण गेले. अंगणात नाव म्हणजे होडी, पक्कं. तिचं कौतुक करायला ते म्हणायचे, "नाव काढलंस गं आजोबांचं!" की ही टबातून होडी काढून त्यांच्या हातात ठेवायची, "लो, निकाल दी!" दोघं खिदळत बसायचे आणि मला उगाचच हेवा वाटायचा.

मग त्या थंडीत एका सकाळी बाबांच्या हातातला चहाचा कप निसटला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, माणसं ओळखेनासे झाले. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, ओळखीच्या वस्तू दाखवा, एखादा शब्द परत येईलही. मला दुसरं काही नको होतं. दिवसभर घरभर जिच्या नावाने हाका मारायचे, त्या नातीला त्यांनी एकदा ओळखावं, एकदा हाक मारावी, बस. लेक शाळेतून आली की पहिला प्रश्न, "आज आजोबा बोले?" मग त्यांच्यासमोर बसायची. "मैं कौन हूँ? बताओ ना!" बाबा बघत राहायचे. लेकरू मग बाथरूममध्ये जाऊन रडायचं आणि तोंड धुऊन बाहेर यायचं.

एका दुपारी बाबांना अंगणात उन्हाला बसवलं होतं. मी दारातच परात घेऊन कणीक मळत होते. लेक आली, दप्तर टाकलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मान जराशी कलती केली, भुवया वर, डावा हात मांडीवर काहीतरी चाचपडायला लागला. आणि स्पष्ट म्हणाले, "नाव?"

"मम्मा! आजोबा बोले! नाव माँग रहे हैं!" पोरगी वाऱ्यासारखी आत पळाली.

मी जागची हलले नाही. मी त्यांच्या वर्गात बसलेली आहे. शाळा सुरू झाली की नव्या पोरासमोर ते असेच उभे राहायचे, मान कलती, हात खिशातलं पेन चाचपडतोय, "नाव?" मलाही त्यांनी तसंच विचारलं होतं आणि मी पूर्ण नाव सांगितल्यावर सगळा वर्ग हसला होता. बाबा होडी मागत नव्हते. समोर कुणीतरी अनोळखी मुलगी आली होती, तिला ते नाव विचारत होते.

लेकीने टब आणला, पाणी भरलं, होडी सोडली आणि आनंदाच्या भरात थेट काडी ओढली. बाबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. ड्रॉपरकडे बोट दाखवलं.

होडी फुट् फुट् करत निघाली. बाबा अर्ध्या तोंडाने हसले. लेक उड्या मारत माझ्याकडे आली, "उनको मेरी नाव याद है! मतलब मैं भी याद हूँ!"

"हो गं बाई, हो," मी म्हटलं, आणि आत जाऊन कणकेच्या हातांनी तोंड दाबून रडले.

त्यानंतर बाबा काहीच बोलले नाहीत. होळीच्या आधी गेले. तेव्हापासून ही सगळ्यांना सांगते, आजोबांनी शेवटी माझी नाव मागितली होती. मी कधी खोडून काढलं नाही.

काल स्वयंपाकघरात तिचा मराठीचा सराव चालला होता. "तू नई लड़की, मैं टीचर," म्हणाली. आणि कुणी न शिकवता मान कलती करून तिने मला विचारलं, "नाव?"

विचारलं आणि थांबली. हातातली पेन्सिल तशीच. आतापर्यंत या अर्थाने हा शब्द तिने नुसता ऐकला होता. असा कुणाला विचारला नव्हता.

"मम्मा," ती हळूच म्हणाली, "आजोबा ने नाव माँगी थी... या नाव पूछा था?"

मी गॅस बारीक केला. "माँगी थी," म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, "बरं."