दवाखान्यातलं शोभेचं काम

दवाखान्याच्या नकाशावर साहेबांनी लाल पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले होते: 'शोभेचे काम'. सरकारी इमारत म्हणजे नुसत्या चार भिंती नसाव्यात, तिथल्या लोकांची कला तिच्यावर दिसावी, असं त्यांचं म्हणणं. मी ओव्हरसियर, नोकरीत नवा. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवरच्या एका माडिया आदिवासींच्या गावात ते बांधकाम चाललं होतं. मी मनात म्हटलं, इथे रोग्यांना टेकायला जागा नाही आणि यांना शोभा सुचतेय! पण नव्या नोकरीत तोंड कशाला उघडा? ओसरीतलं बाक रद्द केलं आणि त्याचं सागवान शोभेला दिलं.

सुतार चांद्याचे, मुसलमान, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना चाचा म्हणे. येताना गावांबाहेर त्यांनी नक्षीचे लाकडी खांब पाहिले होते. वर पक्षी, खाली चंद्र-सूर्य. "बाबू, हीच इथली कारीगरी. आपुन असाच बनवू," ते म्हणाले. पंधरा दिवस खपून त्यांनी तसा खांब घडवला. खरं सांगतो, तो पाहिला आणि माझी कुरकुर थांबली. आम्ही तो मोठ्या हौसेनं दारासमोर, ऐन पायरीशी रोवला.

दवाखाना उघडला आणि कुणी फिरकेना. नर्सबाई रोज त्याच त्या बाटल्या पुसत. माणसं लांबूनच दाराकडे बघत आणि वाट बदलत. सुईला भितात झालं, अडाणी कुठले, असं म्हणून मी मोकळा झालो.

आठवड्याभरानं एका सकाळी चौघांनी बाजेवर घालून एक बाई आणली. पहिलटकरीण, अडलेली. पण बाज त्यांनी मोहाच्या झाडाखाली टेकवली आणि तिथंच थांबले. नर्सबाई हाका मारून थकल्या. आता उशीर झाला तर दोघंही जातील, असं त्या मला ओरडून सांगत होत्या. मी धावत गेलो. बाईच्या सासऱ्यानं हात जोडले.

"बाबू, तिले आत कशी नेऊ? इथी कोन मेला? मेलेल्याचा खांब दारात हाये."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते खांब गेलेल्या माणसांच्या नावानं उभे केलेले होते. आम्ही दवाखान्याच्या दारातच मरण रोवून ठेवलं होतं!

"कोणी नाही मेलं हो! शोभेसाठी लावलाय," मी म्हणालो. शोभा म्हणजे काय ते त्याला कळलं नसावं. त्या घटकेला मलाही कळत नव्हतं.

चाचा मागेच उभे होते. ते करवत घेऊन आले. दुसरं टोक मी धरलं. खांब आडवा झाला तसा सासरा जवळ आला, त्यावरून हात फिरवला. "कोनाच्या नावाचा नाई. आता लाकूड हाये," म्हणाला, आणि बाज आत गेली.

दुपारच्या आत मूल रडलं. मी पायरीवर बसलो आणि लाजलज्जा सोडून मीही रडलो. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

"जान वाचली, बाबू," चाचा म्हणाले. "खांब काय, दुसरा बनून जाईल."

"दुसरा नको, चाचा. याचंच बाक करा."

पावसाळा सरून रस्ता उघडला तेव्हा साहेब तपासणीला आले. सगळी इमारत फिरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शोभेचं काम कुठंय?"

ओसरीत तीच बाई पोराला पाजत बसली होती.

"साहेब, जरा थांबावं लागेल," मी म्हटलं. "ती त्याच्यावरच बसलीय."