सिल्वासात प्यालेलं सरबत

वापीला उतरलो तेव्हा पहिल्यांदा थर्मासचं झाकण चाचपलं. आत बर्फ आणि कुत्र्यांना टोचायची रेबीजची लस होती. दादरा येईपर्यंत ते मी चारदा चाचपलं असेल. बसमधला शेजारचा गुजराती म्हातारा हसून म्हणाला, "दूध छे के सोनू?" (दूध आहे की सोनं?)

भटक्या कुत्र्यांना विषाचे लाडू घालू नका, लस टोचा, असे अर्ज आमची प्राणिमित्र संस्था वर्षानुवर्षं करत आली होती. बहुतेक अर्ज केराच्या टोपलीत गेले. सिल्वासातल्या एका कारखान्याच्या पुणेकर मॅनेजरांनी मात्र लस टोचायला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर सकाळी लाडू.

अथालजवळच्या चाळीत त्याच कारखान्यातले फिटर भिकन पाटील राहत. ते पाळीवर गेले होते. त्यांची बायको सिंधूबाई कारखान्याच्या फाटकाशी फिरणाऱ्या आठ कुत्र्यांना भाकरी घाली. थर्मास तिच्याकडे देऊन मी हातपाय धुतले. बाहेर आलो तर समोर लिंबाचं गारेगार सरबत. जीव सुखावला.

मग खिडकीकडे नजर गेली. लसीच्या बाटल्या धुऊन-पुसून उन्हात ओळीनं मांडल्या होत्या. बर्फ माझ्या पोटात होता. लस थंडच ठेवायची असते हे ऐकून धुळ्याकडच्या सिंधूबाईचा चेहरा उतरला.

"पाव्हनाले कोमट पानी कसं देऊ, भाऊ?" ती म्हणाली.

वलसाडहून आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ही लस आता कामाची नाही. मी हळूच म्हणालो, टोचून टाका, मॅनेजरांना काय कळतंय. मला त्याची आजही लाज वाटते.

सिंधूबाईनं ऐकलं. "अन् पोरेसले चावनात तं?" (आणि पोरांना चावली तर?)

मी मॅनेजरांकडे जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, लाडू सकाळी पडणारच, तुमची कुत्री तुम्ही सांभाळा. सिंधूबाईनं सात कुत्री खोलीत कोंडली. आठवी, काळी कुत्री मात्र अंधार पडेपर्यंत सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नवी लस आणून सातांना टोचली. काळी फाटकाशी आडवी पडली होती. निघताना सिंधूबाईनं पाणी दिलं. "कोमट शे, भाऊ," ती खाली बघत म्हणाली. आपण बर्फ काढून घेतला म्हणून काळी गेली, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं.

परतताना थर्मास रिकामा होता, तरी वापीपर्यंत मांडीवरच धरून बसलो. पुढं मॅनेजरांनी लाडू बंद केले. सभांमधून ही हकीकत मी पुष्कळदा सांगितली, बाईच्या भोळेपणावर लोक हसलेही. बर्फ कुठून आला हे न विचारता दुसरा पेला मी मागून घेतला होता, तेवढं मात्र कधी सांगितलं नाही. चूक माझीही होती, हे तिलाही कधी म्हणालो नाही.