नीलम्मानं दम धरला

औशाच्या नीलम्माला समुद्राखाली जायचं होतं. हसू नका. पाण्याशी तिची ओळख म्हणजे टँकर आला की घागर घेऊन पळणं, एवढीच. पण तिचा अमरेश तिकडं मालवणला लोकांना पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली फिरवून आणतो, आणि तिनं त्याचं काम कधी डोळ्यानं बघितलं न्हवतं. बापाचं कापडाचं दुकान सोडून गेलेलं पोरगं तिथं करतंय तरी काय, हे तिला बघायचं होतं. अमरेशनं अट घातली, आधी लातूरच्या पोहण्याच्या तलावात शिकायचं. जमलं तरच मालवण.

झालं. कपाळाला विभूती, अंगात काळा घट्ट पोशाख, अशा थाटात बाई छातीभर पाण्यात उभी. नवरा भीमाशंकर काठावर तिच्या चपला सांभाळत बसलेला. अमरेशनं समजावलं, टाकीत हवा मोजकी असती, घाबरलं की भसाभसा संपती, जपून वापरायची. जपून वापरायला नीलम्माला कुणी शिकवावं? जुन्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई ती.

पण गुडघे तळाला टेकले आणि तिला धापच लागली. नुसते बुडबुडे, जसं आधण उकळून राहिलंय. अमरेशनं तिला वर घेतलं.

"घाई कशाला करतीस, आई? जरा दम धर."

हे वाक्य नीलम्मा लग्नापासून ऐकत आली. साडी मागितली तरी भीमाशंकर हेच म्हणतो. पण तोंडात नळी असताना म्हणल्यावर माणूस काय करील? तिनं खाली जाऊन दम धरला, गच्च, गाल फुगवून. आणि आली की फुग्यासारखी वर. अमरेशचं तोंड पांढरं पडलं. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा न्हाई, छातीला इजा होती, हे त्यानं सकाळीच बजावलं होतं.

"तूच म्हणलास की, दम धर म्हणून."

"म्हणजे घाई करू नको गं."

"मग हवा वाचवायची कशी? सोडून?"

"हाव, सोडूनच. सावकाश घे, सावकाश सोड."

सोडल्यानं वाचती? नीलम्माचं डोकं गरगरलं. काठावरून भीमाशंकरनं सल्ला दिला, तोटी अर्धी बंद कर की. अमरेशनं तिकडं बघितलंच न्हाई.

"बशीतल्या चहावर फुंकर घालतीस ना? तशी सोड."

ती परत खाली गेली. फुंकर घातली. अजून एक. बुडबुडे एकेक करून निवांत वर जाऊ लागले. समोर अमरेश, घरात घटकाभर एका जागी न बसणारा, असा शांत तरंगत होता की हा आपलाच पोरगा का, असं तिला वाटलं. मग त्यानं अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. शून्य! एवढं करून शून्य?

वर येताच तिनं रडवेल्या आवाजात विचारलं, "नापास का रे?"

"तो गोल म्हणजे ठीक हाय. सकाळी सांगितलं की. पास झालीस."

तिला धड हसू येईना, धड रडू. ओल्या अंगानंच ती काठाकडं वळली, मालवणला कधी निघायचं म्हणून विचारत.

"जरा दम धर," भीमाशंकर म्हणाला.

नीलम्मा गोंधळून एकदा नवऱ्याकडं, एकदा पोराकडं बघत राहिली, आणि मग तिनं लांबलचक श्वास सोडला.